पळीभर तेल

आमच्या वाडीतल्या लहानशा देवळात समईच्या तेलाचा मान आमच्या घराकडे होता. मान म्हटलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं, पण माझ्या आजीसाठी ते वर्षभर पाठीशी लागलेलं काम होतं. परसातल्या दोन उंडीच्या झाडांखाली पडलेली फळं वेचायची, वाळवायची, फोडायची, आतला गर पुन्हा उन्हात घालायचा आणि मग घाण्यावर न्यायचा. ते तेल कडू, खायच्या कामाचं नाही. दिव्याला मात्र उत्तम. पाऊस लांबून गर बुरसला की आजीचा जीव कासावीस व्हायचा. एका वर्षी मुंबईहून आलेल्या चाकरमान्याने देवळाला पितळेची मोठी समई दिली. जुनीपेक्षा दुप्पट उंच, पाच वातींची. नारळ फुटला, आरती झाली, सगळ्यांनी कौतुक केलं. आजीने समईची वाटी हाताने चाचपली, तिच्यात किती तेल राहील याचा अंदाज घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "दिवो घेवन सगळे येतत. त्याल घालूक कोण येतलो?"

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. पुढे 1984 साली वीज मंडळात लाइन हेल्पर म्हणून लागलो, नोकरी सांभाळून डिप्लोमा केला, 2005 साली मंडळाच्या कंपन्या झाल्या तेव्हा महावितरणकडे आलो आणि 31 मे 2021 ला कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झालो. सदतीस वर्षं पिंगुळी, कुडाळ आणि आसपासच्या भागात तारा ओढल्या, डीपीवर चढलो, पावसात फ्यूज घातले. लोकांच्या घरी उजेड नेणं हेच माझं काम होतं. आणि आता मागे वळून पाहतो तेव्हा दिसतं की आजीचा प्रश्न मी कामात फारसा कधी विचारला नाही.

याची एक बोच आहे, ती सांगून टाकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आडवाडीत सौर पथदिवे बसवले गेले. पैसा दानाचाच होता, कोणी कुठून आणला ते इथे महत्त्वाचं नाही. खांब उभे राहिले, संध्याकाळी आपोआप पेटले, लहान मुलं खांबाखाली नाचली. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर हजर असणाऱ्यांत माझीही सही आहे. तिसऱ्या पावसाळ्यात बॅटऱ्या गेल्या. नवी बॅटरी कोण आणणार, पैसे कोणी काढायचे, खोका कोणी उघडायचा, हे कोणी ठरवलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. पुढे तिकडून जाताना एक म्हातारी खांबाकडे बोट दाखवून म्हणाली, "दिवो दिसता. उजेड खंय?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

त्यामुळे गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर वाडीच्या बैठकीत जो विषय निघाला, त्याने मला झोप येईनाशी झाली. माझ्या मुलाच्या ओळखीतली काही मंडळी एक लहान अनुदान देऊ पाहत होती. अट अशी की त्यातून एकही पॅनल घ्यायचं नाही. पुढच्या दहा वर्षांत आपली वीज कशी बदलायची, कोणाच्या छपरावर ऊन येतं, कोणाच्या येत नाही, कोणता पंप दिवसा चालवता येईल, शेणाचा गॅस कुठे परवडेल, बॅटरी कुठे ठेवायची आणि तिची काळजी कोण घेणार, एवढं फक्त ठरवायचं. दोन पोरांचं सहा महिन्यांचं मानधन, मोजमापाची साधनं, नकाशे. बस्स.

देवळाच्या पडवीत शांतता पसरली. मग एक काका उठले. "पॅनल नाय, बॅटरी नाय, नुसतो कागद! कागदान दिवो पेटतलो काय?" पुष्कळांनी माना हलवल्या. मग बचत गटातल्या एका बाईने विचारलं ते मला अजून पुरून उरलं आहे. ती म्हणाली, पॅनल घेतलं तर आपण काय घेतलं ते दिसतं. विचार करायला पैसे घेतले तर आपण देणाऱ्याचं नक्की काय देणं लागतो?

वरवर पाहिलं तर हे दोन्ही प्रश्न पैशाचे आहेत, पण मला ते धर्माचे वाटतात. विचारासाठी दिलेलं दान हे दान आहे का? आणि ते घेणारा कशाने बांधला जातो?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाच्या तीन जाती सांगितल्या आहेत, त्या लहानपणापासून कानावर आहेत. द्यायला हवं म्हणून, परतफेडीची आशा न धरता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पात्राला दिलेलं ते सात्त्विक. मोबदल्यासाठी किंवा मन खट्टू करून दिलेलं ते राजस. चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, समोरच्याला तुच्छ लेखून दिलेलं ते तामस. देश, काल आणि पात्र. कीर्तनकार पात्र शब्दाशी आले की लायकीबद्दल बोलतात: घेणारा सदाचारी हवा, गरजू हवा. मला मात्र सदतीस वर्षं तारा आणि ट्रान्सफॉर्मर हाताळल्यामुळे असेल, पण पात्र म्हटलं की आधी भांडंच दिसतं. भांड्यात किती मावतं? बूड गळकं आहे का? चुलीवर ठेवायचं की फळीवर? आजीने समईची वाटी चाचपली तेव्हा ती हेच पाहत होती. 25 केव्हीएच्या डीपीवर 40 चा भार टाकला तर तो जळतो, त्यात डीपीचा दुराचार नसतो. तसं गावाचं माप न घेता दिलेलं दान गावाला जाळत नाही, पण दिव्यांचे खांब उरतात आणि अंधार तसाच राहतो. माप घ्यायला वेळ लागतो, माणसं लागतात, पैसा लागतो. तो पैसा कोणीतरी आधी द्यावा लागतो. म्हणून मला वाटतं, माप घेण्यासाठी दिलेलं दान हा सात्त्विक दानाचा पहिला घास आहे. तो नसेल तर देश, काल, पात्र हे तिन्ही शब्द देणाऱ्याच्या अंदाजावर सोडलेले राहतात.

गंमत वाटेल, पण आपल्या 'अनुदान' शब्दातच अडचण दडली आहे. 'अनु' म्हणजे मागून. मागून येणारं दान. केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. 75,021 कोटी रुपयांची, एक कोटी घरांसाठी. तीन किलोवॉटच्या छपराला 78,000 रुपये मिळतात, पण पॅनल बसून मीटर लागल्यावर. आधी पदरचे किंवा कर्जाचे घालायचे. त्याच योजनेत दर जिल्ह्यात एक आदर्श सौर गाव निवडायचं आहे. पाच हजारांवर वस्तीच्या गावांत सहा महिन्यांची स्पर्धा, आणि सगळ्यांत जास्त काम केलेल्या गावाला 1 कोटी. योजना चांगली आहे, मी स्वतः शेजारपाजारी चार जणांचे अर्ज भरून दिलेत. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौर गाव ठरली, तेव्हा मला आमच्याच घरातलं कोणी पास झाल्यासारखा आनंद झाला होता. पण ज्या गावाला सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही, ते गाव मागून येणाऱ्या दानापर्यंत पोहोचतच नाही. त्याला पुढून येणारं, हातात कंदील देणारं थोडंसं काही लागतं.

असं दान आपल्या परंपरेत कधी होतं का, हे मी शोधू लागलो तेव्हा एक जुना शिलालेख भेटला. चाळीसगावजवळच्या पाटणचा, शके 1128 मधला, म्हणजे आठशे वर्षांहून जुना. तो पहिल्यांदा उजेडात आणणारे डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे आमच्या शेजारच्या पेडण्यातल्या मांद्र्याचे, हेही मला त्याच वेळी कळलं. लेखात गोष्ट आहे ती चंगदेवाची: भास्कराचार्यांचा नातू, देवगिरीच्या सिंघण राजाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे 'सिद्धान्तशिरोमणि' आणि इतर ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला, आणि त्या भागातल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेव आणि हेमाडीदेव यांनी त्याला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी जिथे रोजच्या व्यवहाराची गोष्ट येते तिथे तो मराठीत उतरतो. बाजारातल्या घेण्यादेण्यावर काही हिस्सा, आणि जे घाणे चालतात त्यांनी घाण्यामागे पळी पळी तेल.

हे वाचलं तेव्हा मी उठून अंगणात गेलो. ते दान कोणत्या मूर्तीसाठी किंवा कळसासाठी नव्हतं, ते ग्रह-ताऱ्यांचं गणित बसून शिकण्यासाठी होतं. आणि देताना त्यांनी एकदम मोठी थैली टाकून पाठ फिरवली नाही, घाणा फिरेल तोवर तेल येत राहील अशी सोय केली. पळीभरच, पण रोजच्या चालत्या घाण्याचं. आजीला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर कोणीतरी दगडावर कोरून ठेवलं होतं, आणि तेही मराठीत! पडवीत उठलेल्या काकांना मी दुसऱ्या दिवशी जाऊन हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे कागदाक पयलीसूनच त्याल लागता."

पण घेणाऱ्याचं काय? इथे मला अडखळायला होतं. आपल्या धर्मशास्त्रात देणाऱ्याइतकाच घेणाऱ्याचा विचार आहे, त्याला प्रतिग्रह म्हणतात. मनुस्मृतीतलं पुष्कळसं मला मुळीच मान्य नाही, पण चौथ्या अध्यायात एक गोष्ट सांगितली आहे ती खोटी नाही: घ्यायचा अधिकार असला तरी घेण्याची चटक लागू देऊ नये, कारण घेत राहिल्याने माणसाच्या आतलं तेज विझतं. तिथे हे ब्राह्मणाबद्दल म्हटलं आहे. मी ते गावाबद्दल वाचतो. कोकणातल्या गावांनी गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ घेतलं. मनीऑर्डर घेतली, योजना घेतल्या, पॅकेज घेतलं. घेताना गावाने काही ठरवायचं नसतं, सही करायची असते. मग हळूहळू ठरवायची ताकदच जाते. विजेच्या बाबतीत मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पूर्वी पोल पडला की वाडीची माणसं दोर घेऊन यायची. पुढे पुढे फोन यायला लागला आणि फोनवर एकच वाक्य: लाइट कधी येणार? तेज विझणं म्हणतात ते हेच असावं.

म्हणून मला बचत गटातल्या त्या बाईचा प्रश्न सगळ्यांत खोल वाटतो. वस्तू घेतली की माणूस हात होतो, आणि हाताचं देणं सोपं असतं, आभार मानले की संपलं. विचारासाठी घेतलं तर डोकं वापरण्याचं वचन दिल्यासारखं होतं. ते आभारांनी फिटत नाही. आपल्याकडे तीन ऋणं सांगितली आहेत, देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं. त्यातलं ऋषिऋण ज्याचं घेतलं त्याला परत देऊन फिटत नाही. ते शिकून आणि पुढच्याला शिकवूनच फिटतं. विचारासाठी मिळालेलं अनुदान त्या जातीचं आहे, असं मला मनापासून वाटतं. देणाऱ्याला आपण अहवाल देऊ, तो द्यायलाच हवा. पण फेड तेव्हा होईल जेव्हा आमच्या पिंगुळीने मोजलेलं, चुकलेलं, दुरुस्त केलेलं शेजारच्या गावाला फुकट वापरता येईल.

विचारासाठी पैसा मिळण्याच्या बाबतीत आपल्या राज्यातच एक मोठा अनुभव आहे, आणि तो विसरला गेला याचं मला वाईट वाटतं. 1969 साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं, आणि देशात पहिल्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. त्यांपैकी एक आपल्या नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा, श्रीरामपूर-राहुरी भागात. दुसरी सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात हुक्केरीची. गावाने स्वतःच्या वीजपुरवठ्याचं मालक व्हायचं, ही कल्पना. ती अमेरिकेतून आली. तिथे 1936 च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि आजही सुमारे नऊशे आहेत. पी. एल. 480 खाली आपण जो अमेरिकन गहू घेतला, त्याचे रुपये इथेच साठले होते. त्यातला पैसा या कामी आला, आणि तिथल्या वीज सहकारी संस्थांच्या महासंघाची माणसं इथे येऊन अभ्यास करून गेली. म्हणजे दुष्काळात खाल्लेल्या गव्हाचे पैसे विचार करण्यासाठी वळवले गेले. मला या गोष्टीत काहीतरी पवित्र दिसतं.

मुळा-प्रवराने चाळीस वर्षं वीज वाटली. मंडळाची थकबाकी, शेतीपंपांचे दर, वसुली, हे वाद वर्षानुवर्षं चालले, आणि जानेवारी 2011 मध्ये परवाना संपल्यावर तो भाग महावितरणकडे आला. हुक्केरीची संस्था अजून चालू आहे. एकीचा कारभार वाईट आणि दुसरीचा चांगला असं मी म्हणत नाही, तेवढं जवळून मी दोन्हीकडे पाहिलेलं नाही. मला दिसतं ते एवढंच, की अशा छोट्या संस्थेला जन्माच्या वेळी विचारासाठी पैसा मिळतो, त्यानंतर सहसा मिळत नाही. पंप वाढतात, विहिरी खोल जातात, विजेचा भाव बदलतो, आणि कार्यालयात बसलेल्या माणसांचा सगळा वेळ बिलं आणि थकबाकीतच जातो. अमेरिकेने 2022 च्या कायद्यात आपल्या ग्रामीण वीज संस्थांना कोळशाकडून स्वच्छ विजेकडे जायला 970 कोटी डॉलर ठेवले. सत्तर-ऐंशी वर्षांच्या जुन्या संस्थांना पुन्हा एकदा विचार करायला उसंत दिली. पळी पुन्हा भरावी लागते. आठशे वर्षांपूर्वी हे ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी थैलीऐवजी घाणा बांधून दिला.

आता तौक्ते चक्रीवादळाबद्दल सांगतो, कारण त्या रात्रीशिवाय माझं म्हणणं अर्धं राहील. 16 मे 2021, रविवार. माझ्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. कोरोनामुळे आधीच सगळं बंद. वारा पहाटेपासून वाढत गेला आणि दुपारी माड असे वाकू लागले की पाहवेना. संध्याकाळपर्यंत किती पोल गेले याचा हिशेब ठेवणं आम्ही सोडून दिलं. पुढचे कित्येक दिवस जिल्ह्यातल्या पुष्कळ वाड्या अंधारात होत्या. पंप बंद म्हणून पाणी नाही, टॉवर बंद म्हणून फोन नाही, आणि घरात कोणी आजारी असेल तर नुसता धीर. माझ्याबरोबर एक जुना वायरमन होता, चार महिन्यांपूर्वीच निवृत्त झालेला, तरी स्वतःहून आलेला. कोणत्या वळणावर कोणता फणस तारेवर येणार, कोणता पोल जांभ्यात नीट रुतलेला नाही, कुठे ओढ्याचं पाणी डीपीच्या चौथऱ्यापर्यंत चढतं, हे सगळं त्याच्या डोक्यात. आम्ही त्याच्या मागून चालत होतो. तो पुढच्या वर्षी गेला. ते सगळं त्याच्याबरोबर गेलं, एका वहीतही उतरलं नाही. कोणी कधी त्याला दोन दिवस खुर्चीवर बसवून, चहा देऊन, 'बाबा, सांग' म्हटलं नाही. मीही नाही. ज्याला आपण नुसता कागद म्हणतो, त्यावर हे यायला हवं होतं.

त्याच आठवड्यात आणखी एक पाहिलं. आमच्या पलीकडच्या वाडीत एका घरी छपरावर दोन पॅनल आणि बॅटरी होती, मुलाने हौसेने बसवलेली. त्या घराच्या ओसरीवर रांग लागली होती. कोणी मोबाइल घेऊन, कोणी टॉर्च, एक बाई सासऱ्यांचं वाफेचं यंत्र घेऊन. घरधनी प्रत्येकाला वेळ वाटून देत होता, पाटीवर खडूने नावं लिहून. विनोबा आमच्या कोकणचेच, रायगडातल्या गागोद्याचे. दान म्हणजे संविभाग, म्हणजे सारखं वाटून घेणं, हा शंकराचार्यांनी लावलेला अर्थ ते पुन्हा पुन्हा सांगत. मी तो पुस्तकात वाचला होता, पाहिला त्या ओसरीवर. आणि त्या घरधन्याच्या पाटीवर जे होतं ती माझ्या दृष्टीने या गावातली पहिली वीज योजना.

पण विचार न करता नुसता उत्साहही नको. सड्यावरचं उदाहरण देतो. कोकणात बाहेरचा माणूस आला की त्याला आमचे जांभ्याचे सडे ओसाड दिसतात. इथे पॅनलं टाका, असं सहज म्हटलं जातं. पहिल्या पावसात त्याच सड्यावर या, म्हणजे कळेल. बोटभर मातीत इतकी फुलं उगवतात की पाय कुठे ठेवावा ते सुचत नाही. उन्हाळ्यात गुरं त्यावरच चरतात, पावसाचं पाणी त्यातूनच मुरून खालच्या विहिरींत येतं. आणि त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली चित्रं आहेत. आपल्या जिल्ह्यातलं मालवण तालुक्यातलं कुडोपी 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. त्यावर लोखंडी खुंट्या ठोकून आपण स्वच्छ वीज केली असं म्हणायचं का? ऊन कुठे घ्यायचं यापेक्षा कुठे घ्यायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं.

छपरांचंही तसंच. आमची घरं कौलारू, वासे जुने, अंगणात माड आणि फोफळी. एक किलोवॉटला दिवसाला चार युनिट हा हिशेब वर्षाच्या सरासरीचा. आषाढात त्याचं काय होतं ते ज्याच्या छपरावर पॅनल आहे त्याला विचारावं. शिवाय छपरावरच्या जादा विजेचा हिशेब मार्चअखेर मिटतो, आणि आमच्या उन्हाचं वर्ष संपतं जूनमध्ये. या एका गोष्टीने पॅनल किती मोठं घ्यावं याचा सल्ला कोकणात बदलतो. शेजारच्या झारापला भगीरथ प्रतिष्ठानने शेणाच्या गॅसचं काम घरोघरी नेलं. पावसाळ्यात ऊन नसताना गोठा असतोच. काही घरांना पॅनलपेक्षा तेच जास्त उपयोगाचं ठरेल. दिल्लीच्या किंवा मुंबईच्या टेबलावर हे कळावं अशी अपेक्षाच चुकीची आहे.

आणि हो, कागद कपाटात कुजतात, हेही खरं. एका गावाची योजना मी पाहिली आहे, जाडजूड, रंगीत, तिच्यात चौदाव्या पानावर दुसऱ्याच गावाचं नाव राहून गेलेलं. ज्याने ती लिहिली तो त्या गावात कधी मुक्कामाला राहिला नव्हता. असल्या कागदासाठी पैसा घेणं हे प्रतिग्रहाचं पाप आहे, असं मी स्पष्ट म्हणतो. म्हणून बैठकीत शेवटी अनुदान घ्यायचं ठरलं ते दोन अटींवर. मोजणारी पोरं इथलीच असतील, आणि दर महिन्याचा हिशेब देवळात, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचला जाईल. हिशेब वाचायचं काम बचत गटातल्या त्या बाईने घेतलं.

मोजणीत माझ्याबरोबर जी दोन पोरं फिरतात, त्यातला एक पिंगुळीतल्याच गुढीपूरचा, ठाकर समाजातला. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती ज्या कळसूत्री आणि चित्रकथीच्या परंपरेसाठी, ती त्याच्या घरातही आहे. एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या अंगणात बसलो होतो. त्याच्या काकांनी चामड्याच्या बाहुल्यांची पेटी उघडली, पांढरा पडदा बांधला, मागे दिवा ठेवला आणि रावणाची सावली उभी केली. मी पन्नास वर्षांत हा खेळ अनेकदा पाहिला आहे, नेहमी समोरून. त्या दिवशी त्यांनी मला पडद्यामागे बसवलं. तिथे सावली दिसत नाही. दिसतं ते दिवा कुठे ठेवला आहे, बाहुली दिव्यापासून किती अंतरावर धरली आहे. चार बोटं पुढे-मागे झालं की समोर रावण वाढतो नाहीतर विरतो. काका म्हणाले, "खेळ ह्या अंतरात हा. समोरच्याक ता कळूचा नाय." मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

आमच्या मोजणीच्या वहीत रकाने आहेत: छपराची दिशा, सावली, वासे, गोठा, पंप, महिन्याचं बिल. शेवटचा रकाना आधी नव्हता, तो मी आखायला लावला. त्यात, जी काही वस्तू येईल ती पुढे कोण सांभाळणार त्या माणसाचं नाव लिहायचं, आणि बॅटरी बदलायच्या वर्षासाठी घर दरमहा किती बाजूला ठेवील तो आकडा. पोरांनी त्याला 'तेलाचा रकाना' असं नाव दिलं आहे. माणसं बाकी सगळं भराभर सांगतात, या रकान्याशी आली की थांबतात, आत जाऊन बायकोला विचारून येतात, कोणी म्हणतं उद्या या. आम्ही उद्या जातो. कित्येक घरांसमोर तो रकाना अजून कोरा आहे. उद्या ओढ्यापलीकडची घरं घ्यायची आहेत. पोरांना सात वाजता बोलावलं आहे, कारण तिथे आठनंतर माडांची सावली छपरावरून सरकते आणि ती कुठून कुठे जाते ते पाहायचं राहिलं आहे.